मसाल्याच्या डब्यातली भावकी

कागदावर एक षटकोन काढा आणि त्याच्या आत एक गोल. हे बेंझिनचं कडं: हातात हात घालून बसलेले सहा कार्बन. आता एका कोपऱ्यावर 'ओएच' लिहा, म्हणजे एक ऑक्सिजन आणि त्याला लटकलेला एक हायड्रोजन. त्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर 'ओसीएच३' लिहा. इथेही ऑक्सिजनच आहे, फक्त हायड्रोजनच्या जागी त्याच्या डोक्यावर कार्बनची टोपी आहे. शेवटी ओएचच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यातून एक रेघ बाहेर ओढा आणि तिचं टोक मोकळं सोडा.

झालं. हळद, मिरची, आलं आणि लवंग या चौघांना ज्यांच्यामुळे त्यांचा गुण मिळाला, त्या चारही रेणूंची सुरुवात तुम्ही आत्ता काढली. व्हॅनिला आइस्क्रीमच्या वासाचीही तीच. आता प्रश्न उरला तो एवढाच, की त्या मोकळ्या रेघेला काय जोडायचं.

या षटकोनी तुकड्याला रसायनशास्त्रात ग्वायासिल असं अवघड नाव आहे. आपण त्याला सरळ 'डोकं' म्हणू आणि रेघेला जोडलेल्या भागाला 'शेपूट'. डोकं तेच, शेपूट बदललं की कुठे रंग येतो, कुठे आग होते, कुठे दाताची कळ थांबते. ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हटलं की बारावीच्या मुलांच्या पोटात गोळा येतो. पण त्या विषयाचा निम्मा गाभा वरच्या वाक्यात आहे. दहावीच्या पुस्तकात त्यालाच 'क्रियात्मक गट' म्हटलंय. रेणू कितीही मोठा असो, त्यावर कुठले गट कुठे बसलेत हे वाचता आलं की त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधता येतो.

मला स्वतःला हे उशिरा कळलं. शिकवणीच्या वर्गात मधल्या सुट्टीत मी डबा खात होतो आणि एका मुलीने विचारलं, "सर, हे फिनॉल असतं कुठे?" मी म्हटलं, प्रयोगशाळेत, बाटलीत. फिनॉल म्हणजे कड्यावर ओएच बसलेला रेणू, आणि तेव्हा माझी बोटं बटाट्याच्या भाजीतल्या हळदीने पिवळी झालेली होती.

आधी नुसतं डोकं

मोकळ्या रेघेला काहीच जोडलं नाही, तिथे साधा हायड्रोजन ठेवला, तर मिळणाऱ्या रेणूचं नाव ग्वायकॉल. तो डब्यात नसतो, चुलीच्या धुरात असतो. लाकडाचा साधारण पाव भाग लिग्निन नावाच्या पदार्थाचा असतो. झाडाच्या तंतूंना घट्ट धरून त्याला ताठ उभं करणारं ते सिमेंट. आणि लिग्निन म्हणजे प्रामुख्याने आपली हीच डोकी, शेपट्यांनी एकमेकांत अडकून झालेलं एक प्रचंड जाळं. लाकूड पेटलं की जाळं तुटतं आणि सुटलेली डोकी धुराबरोबर वर जातात. चुलीवरच्या भाकरीला जो वास असतो आणि गॅसवरच्या भाकरीला नसतो, त्यात ग्वायकॉलचा मोठा वाटा आहे. गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, तीन-चार कार्बनच्या साध्या माळा. तिथे कडंच नाही, तर कड्याचा वास कुठून येणार? हमरस्त्यावरच्या 'चुलीवरचं मटण' या पाट्यांना म्हणूनच रसायनशास्त्राचा पाठिंबा आहे. मात्र आत खरोखर चूल असली पाहिजे.

आता त्या ओएचकडे जरा थांबून बघू, कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर चालतं. ओएच दारूतही असतो. पण इथॅनॉलमधला ओएच साध्या कार्बनवर बसलेला असतो, आपला कड्यावर. फरक कळतो तो हायड्रोजन सोडून द्यायची वेळ आली की. हायड्रोजन गेला की मागे ऑक्सिजनवर ऋण प्रभार उरतो. इथॅनॉलमध्ये ते ओझं एकट्या ऑक्सिजनला वाहावं लागतं, म्हणून तो हायड्रोजन सोडायला नाखूश असतो. कड्यावर मात्र प्रभार आत सरकतो आणि कड्यातले काही कार्बन त्याला खांदा देतात. खांदेकरी तयार असले की ओझं उचलायला कोण कुरकुरतो? पुस्तकात याला संस्पंदन म्हणतात, मुलं रेझोनन्स म्हणतात. म्हणून कड्यावरचा ओएच सौम्य आम्लासारखा वागतो. असा कड्यावर ओएच असलेला सगळ्यात साधा रेणू म्हणजे फिनॉल, जुन्या भाषेत कार्बोलिक आम्ल. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टरने जखमेवर त्याच्या पट्ट्या बांधायला सुरुवात केली आणि शस्त्रक्रियेनंतर जखमा सडायचं प्रमाण घटू लागलं. संडासात टाकायच्या काळ्या फिनेलचा वासही याच घराण्याचा.

लवंग आणि आइस्क्रीम

लवंगेतला मुख्य रेणू युजेनॉल. डोकं आपलंच, शेपूट तीन कार्बनचं, टोकाला एक दुहेरी बंध. शेपूट आखूड म्हणून रेणू हलका, हलका म्हणून तो हवेत उडतो, आणि उडतो म्हणूनच मसालेभाताचं झाकण काढल्यावर लवंग आधी नाकाला कळते. मिरची तशी झाकणातून कळत नाही. तिला तोंडात यावं लागतं, नाही तर तव्यावर जळावं लागतं. शेपटाची लांबी इथेच कामाला येते.

दातांच्या डॉक्टरकडे शिरल्या शिरल्या येणारा वासही युजेनॉलचा. तात्पुरतं सिमेंट भरताना झिंक ऑक्साइडची पांढरी पूड आणि युजेनॉल एकत्र कालवतात आणि ते थोड्या वेळात घट्ट होतं. का होतं? डोक्यावर दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी बसलेत ना, ते चिमट्यासारखे जस्ताला दोन्ही बाजूंनी धरतात. शेजार नसता तर चिमटा झाला नसता. दाढ दुखायला लागली की लवंग दाबून धर, असं सांगणाऱ्या आजीला हे ठाऊक असायची गरज नव्हती.

युजेनॉलचं शेपूट कापून तिथे नुसता एक कार्बन ठेवला आणि त्याला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडला, तर अल्डिहाइड गट तयार होतो. हे व्हॅनिलिन. एकोणिसाव्या शतकात लवंगेच्या तेलापासून व्हॅनिलिन खरोखरच असं करत. आधी शेपटातला दुहेरी बंध एक घर आत सरकवायचा आणि मग ऑक्सिडीकरणाने तिथे शेपूट तोडायचं. त्याआधी १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या सालीखालच्या रसातल्या एका पदार्थापासून ते बनवून दाखवलं होतं. पुढे कागद कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासूनही बनलं. आज बाजारातलं बहुतेक व्हॅनिलिन ग्वायकॉलला शेपूट जोडून बनवतात. जुन्या ग्रंथालयात कपाट उघडल्यावर येणाऱ्या गोडसर वासातही व्हॅनिलिन असतं, कारण कागदातलं लिग्निन हळूहळू मोडत असतं.

यावर हमखास येणारा प्रश्न: म्हणजे आइस्क्रीममधलं खोटं? रेणू म्हणून अजिबात नाही. व्हॅनिलाच्या शेंगेतलं आणि कारखान्यातलं व्हॅनिलिन अणू अणू सारखं. शेंगेत त्याच्या जोडीला इतर शेकडो रेणू असतात, म्हणून खऱ्या व्हॅनिलाची चव भरीव लागते, इतकंच. सजीवांच्या शरीरातला पदार्थ काही खास 'प्राणशक्ती'शिवाय बनत नाही, ही समजूत १८२८ सालीच डळमळली होती. फ्रीड्रिश व्होलर यांनी तेव्हा अमोनियम सायनेट या क्षारापासून मूत्रातला युरिया तयार केला. पण 'सेंद्रिय' हा शब्द तेवढा राहिला, आणि त्याने घोळ करून ठेवला. भाजीवाल्याच्या पाटीवरचं 'सेंद्रिय' वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. पुस्तकात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, आणि त्या हिशोबाने रॉकेल सेंद्रिय, प्लास्टिकची पिशवीही सेंद्रिय.

आलं दोनदा वाळतं

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आल्याचं. परीक्षेत ज्या अभिक्रियेला मुलं सर्वांत जास्त घाबरतात, ती अल्डॉल, इथे चहाच्या पातेल्यात घडते.

ताज्या आल्यात गिंजरॉल असतं. डोकं तेच. शेपूट लांब, आणि त्यावर दोन खुणा. एका कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन, म्हणजे किटोन. त्याच्यापासून एक कार्बन सोडून पुढच्यावर ओएच, आणि हा ओएच अल्कोहोलवाला, कड्यावरचा नव्हे. किटोन आणि ओएच यांच्यात बरोबर एक कार्बनचं अंतर असलं की ती मांडणी फार अस्थिर असते. तिला पुढे जायला दोन वाटा असतात, आणि आलं दोन्ही वाटा वापरतं.

पहिली वाट वाळवणाची. आलं वाळलं की त्यातलं पाणी जातं, हे दिसतं. जे दिसत नाही ते असं, की गिंजरॉलच्या प्रत्येक रेणूतूनही पाण्याचा एक रेणू बाहेर पडू शकतो. ओएच एका कार्बनवरून उठतो, शेजारच्या कार्बनवरून एक हायड्रोजन, दोघं मिळून पाणी होऊन निघून जातात आणि मागे दुहेरी बंध राहतो. म्हणजे आलं दोनदा वाळतं: एकदा गड्ड्यात, एकदा रेणूत. वाळवणात सगळ्याच गिंजरॉलचं असं होत नाही, पण बऱ्यापैकी होतं. नव्या रेणूचं नाव शोगाओल. जपानीत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून. शोगाओल गिंजरॉलहून तिखट आहे. सुंठ आल्यापेक्षा जास्त झणझणीत का, सुंठवड्यात ती चिमूटभरच का घालायची, आणि आल्याच्या जागी तेवढीच सुंठ घातली तर काढा घशाखाली का उतरत नाही, या सगळ्याचं उत्तर त्या गेलेल्या पाण्यात आहे. सुंठीवाचून खोकला गेला तर उत्तमच, पण सुंठ लागलीच तर हात आखडता ठेवावा.

दुसरी वाट उकळण्याची. आलं शिजलं की काही गिंजरॉल त्याच जागेवर, किटोन आणि ओएचच्या मधोमध, तुटतं. डोक्याकडचा तुकडा म्हणजे झिंजेरोन. तो तिखटाला सौम्य आणि वासाला गोडसर. दुसरा तुकडा सहा कार्बनचं अल्डिहाइड, हेक्झानल, ताज्या कापलेल्या गवतासारख्या वासाचं. पुस्तकातली अल्डॉल अभिक्रिया दोन तुकडे जोडते. इथे ती उलटी चालते आणि जोड सुटतो. म्हणून चहात किसलेलं आलं उकळत राहिलं की त्याची धार बोथट होते, आणि उतरवताना घातलेलं आलं टोचतं. टपरीवर चहा पिणाऱ्याला हे जिभेने ठाऊक असतं.

झिंजेरोन प्रयोगशाळेत कसं करतात, तेही ऐका. व्हॅनिलिन घ्यायचं, ॲसिटोनशी अल्डॉल करायची (ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायला वापरतात ते) आणि तयार झालेला दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकायचा. आइस्क्रीमच्या वासापासून शिजलेल्या आल्याच्या चवीपर्यंत दोन पायऱ्या. भावकी म्हणतो ती अशी.

मिरचीची खोटी आग

मिरची आपली नव्हे. पोर्तुगीज पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ती अमेरिकेतून आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, आणि मिरचीने नावही तिच्याकडूनच उचललं. पण रेणूच्या दृष्टीने ती आल्या-लवंगेच्या घरचीच निघाली. मिरचीचं झाड आधी व्हॅनिलिन बनवतं, हो, तेच आइस्क्रीमचं. मग त्याच्या अल्डिहाइडच्या जागी नायट्रोजन बसवतं आणि त्या नायट्रोजनला एका मेदाम्लाची लांब माळ जोडतं. नायट्रोजन आणि आम्ल यांच्या या जोडाला अमाइड म्हणतात. तयार झालं कॅप्सेसिन.

अमाइड हा चिवट जोड. आपल्या शरीरातली प्रथिनं याच जोडाने बांधलेली आहेत, उगाच नाही. आलं उकळून सौम्य होतं, मिरची होत नाही, कारण आल्याच्या शेपटात एक कच्चा दुवा आहे आणि मिरचीच्या शेपटात नाही. रस्सा तासभर उकळला म्हणून तिखटपणा मोडत नाही, फक्त सगळीकडे सारखा पसरतो. आणखी एक: तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा. तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या भागात तयार होतो, बियांना नुसता लागतो.

आग मात्र खरी नसते. आपल्या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम ४३ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागली की 'भाजतंय' असा निरोप मेंदूला पाठवणं. कॅप्सेसिन त्याच कुलपात बसतं आणि तापमान न वाढताच निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं ते मिरचीच्याच माग काढून, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. पक्ष्यांच्या या प्रथिनात कॅप्सेसिन नीट बसत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची पेरूसारखी खातो.

तिखट लागल्यावर पाणी प्यायलं तर काही होत नाही, कारण कॅप्सेसिनचं शेपूट तेलाच्या जातीचं आहे. ते पाण्यात विरघळत नाही, पाणी त्याला तोंडभर फिरवून आणतं फक्त. दूध, दही, तूप उपयोगी पडतं. दुधातलं स्निग्ध आणि केसीन हे प्रथिन, दोन्ही त्याला धरून नेतात. मिसळीबरोबर दह्याची वाटी येते ती शोभेला नाही.

याच कारणासाठी आपण फोडणी करतो. हळद, मिरची, लवंग यांचे गुण ज्या रेणूंत आहेत ते पाण्याला दाद देत नाहीत आणि गरम तेलात चटकन उतरतात. प्रयोगशाळेत याला द्रावक-निष्कर्षण म्हणतात आणि त्याला काचेची महागडी भांडी लागतात. आपल्याकडे पळी पुरते. मिसळीवरची तर्री म्हणजे हेच निष्कर्षण वर तरंगताना. तर्रीचा लाल रंग कॅप्सेसिनचा नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. तो कॅप्सॅन्थिनचा, गाजराच्या रंगाच्या घराण्यातला, त्याला आपलं डोकं नाही. रंग आणि तिखटपणा दोन वेगळे रेणू, म्हणून ब्याडगी मिरची लालभडक असून सौम्य असते आणि लवंगी बारीक असून घाम फोडते. लवंगीला ते नाव तिच्या आकारावरून पडलं असणार. पण नाव ठेवणाऱ्याने नकळत नातंच सांगून टाकलं.

दोन डोक्यांची हळद

आतापर्यंत एक डोकं, एक शेपूट. हळदीतल्या कर्क्युमिनला दोन डोकी आहेत. मधे सात कार्बनचा पूल, त्यावर दोन ऑक्सिजन, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना आपलं ओळखीचं डोकं. हळकुंडात कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं. तेवढ्यावर सांगलीचा बाजार पिवळा होतो.

पिवळा का? पुलावरचे बंध एक आड एक दुहेरी आहेत आणि कडीही तशीच. त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत इलेक्ट्रॉनांना मोकळं अंगण मिळतं. अंगण लहान असलं तर इलेक्ट्रॉन फक्त अतिनील किरण शोषतात, जे आपल्याला दिसत नाहीत. म्हणून व्हॅनिलिन पांढरं. अंगण मोठं झालं की शोषण निळ्या प्रकाशापर्यंत येतं. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा केला की डोळ्याला पिवळा दिसतो.

आता साबण. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे ज्याने कधी पांढरा शर्ट घालून वरण-भात खाल्लाय त्याला माहीत आहे. साबण, चुना, पापडखार हे सगळे आम्लारी. ते कड्यावरच्या ओएचचा हायड्रोजन ओढून घेतात. वर पाहिलं तसं, कड्यावरचा ओएच तो सोडायला तयारच बसलेला असतो. मागे राहिलेला ऋण प्रभार अंगणात पसरतो, अंगण आणखी ऐसपैस होतं, शोषण हिरव्याकडे सरकतं आणि डोळ्याला लाल दिसतं. वर लिंबू पिळलं की हायड्रोजन परत मिळतो आणि डाग पुन्हा पिवळा. 'फिनॉल सौम्य आम्ल आहे' हे वाक्य मुलांनी शंभर वेळा लिहिण्यापेक्षा एकदा हळदीच्या कागदावर चुन्याचं बोट लावावं.

हळद आणि चुना कालवून कुंकू करायची पद्धत याच रसायनावर उभी आहे. दुसरी जुनी कृती लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटीची, आणि ती मला जास्त हुशार वाटते. लिंबू असताना लाल रंग टिकायला नको, पण टिकतो. कारण टाकणखारातला बोरॉन पुलावरच्या दोन ऑक्सिजनांना धरून बसतो. लवंगेच्या तेलाने जस्ताला पकडलं होतं, इथे हळदीने बोरॉनला. पदार्थात बोरिक आम्ल आहे का हे तपासायला रसायनशास्त्रज्ञ हळदीचा कागद वापरतात तो याच गुणामुळे.

कड्यावरच्या ओएचचा आणखी एक उपयोग सांगून टाकतो. तेल खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे सुरू झालेल्या साखळीने: एक अर्धवट तुटलेला रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन हिसकावतो, तो पुढच्याचा. मधे कड्यावरचा ओएच आला तर तो आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि साखळी तिथेच थांबते. फरसाणाच्या किंवा तेलाच्या पाकिटावर 'अँटिऑक्सिडंट ३१९' असं दिसतं, तो टीबीएचक्यू, कड्यावर दोन ओएच असलेला. ३२० म्हणजे बीएचए, त्यात तर एक ओएच आणि एक ओसीएच३, फक्त शेजारी नसून समोरासमोर. मात्र यावरून उडी मारून 'हळद अँटिऑक्सिडंट, म्हणून ती अमुक रोग बरा करते' असं म्हणणाऱ्या मेसेजांवर माझा विश्वास नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार कमी जातं, आणि जेवढं जातं त्याची शरीर लगेच विल्हेवाट लावतं. भाजीत हळद चवीसाठी आणि रंगासाठी घालावी, ते पुरेसं कारण आहे.

भावकीबाहेरचे, आणि वाट चुकलेला एक

डब्यातले सगळेच नातलग नाहीत. मोहरीची झणझण गंधकाची, हिंगाचा दर्पही गंधकाचा. जिऱ्यात कडं आहे, पण त्यावर ऑक्सिजन बसलेले नाहीत. बडीशेपेच्या अनेथॉलमध्ये ओएच नाही, नुसती ओसीएच३ची टोपी. मिरीच्या पिपेरिनमध्ये शेजारचे दोन्ही ऑक्सिजन एकाच कार्बनने एकमेकांना बांधलेले. हे चुलत-मावस म्हणता येतील.

आणि एक बिब्बा. इथे डोक्यावर ओसीएच३ नाही. दोन्ही शेजारी जागांवर उघडे ओएच आहेत आणि कड्याला पंधरा कार्बनचं तेलकट शेपूट. शेपूट त्वचेत शिरायला वाट करतं. दोन उघड्या ओएचवाल्या डोक्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीर त्या प्रथिनांना परकं समजून हल्ला चढवतं. बिब्बा उततो तो असा. एका टोपीने काय फरक पडतो, असं कुणी विचारलं तर लवंग आणि बिब्बा शेजारी ठेवावेत. चांगल्या कामात बिब्बा घालणं हा वाक्प्रचार कुणी काढला ठाऊक नाही, पण त्याचे हात नक्की सुजले असणार.

मग इतक्या वेगवेगळ्या झाडांना हेच डोकं का सुचलं? कारण ते त्यांच्या घरात आधीच पडलेलं होतं. जमिनीवर ताठ उभं राहायचं तर लिग्निन लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक झाड फिनिलॲलनिन या अमिनो आम्लापासून ही डोकी मोठ्या प्रमाणावर बनवतं. वाटेत फेरुलिक आम्ल लागतं. तिथून एखाद्या झाडाने थोडा माल बाजूला वळवला, त्याला वेगळं शेपूट लावलं, आणि किडीला किंवा गुरांना ते नकोसं झालं, तर त्या झाडाचा फायदा. हळदीने फेरुलिक आम्लाचे दोन तुकडे एका कार्बनभोवती जोडले, आल्याने एकच घेतला, मिरचीने तिसरीच वाट धरली. फेरुलिक आम्लाला ते नाव मिळालं फेरुलावरून, आणि फेरुला म्हणजे हिंगाचं झाड. १८६६ साली ते पहिल्यांदा हिंगातूनच वेगळं केलं गेलं. भावकीत नसलेल्याच्या नावावर घराचा उतारा, असं कधी कधी होतं.

राहिला तो शर्टावरचा डाग. साबणाने लाल झाला, पाण्याने पुन्हा पिवळा झाला, पण गेला नाही. आई म्हणायची, पिळून उन्हात टाक. उन्हाच्या जोरावर मधला सात कार्बनचा पूल तुटतो, अंगणाचे तुकडे होतात आणि तुकड्यांना रंग नसतो. संध्याकाळपर्यंत डाग जातो. पूल तुटून जे तुकडे होतात, त्यांत फेरुलिक आम्ल असतं आणि व्हॅनिलिनही. दोरीवर वाळणाऱ्या शर्टावर, वरण सांडलं होतं तिथे. नाकाला कळेल इतकं नसतं. मी हुंगून पाहिलंय.